सात ठिकाणी हशा

बाईंच्या पुस्तकात त्रेचाळिसाव्या पानापासून पुढे सात ठिकाणी लाल पेन्सिलीनं ‘हशा’ असं लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. ती पेन्सिल केव्हाच झिजून संपली. हशा मात्र अजून सुरू व्हायचा होता.

वर्ग होता मोठ्या माणसांच्या इंग्रजीचा. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर, सोळा पायऱ्या चढून गेलं की एक लांबट खोली. दुपारी दोन ते चार. खालून यंत्रांची घरघर, वर क्रियापदांची. बाकं कुठल्याशा प्राथमिक शाळेनं टाकून दिलेली, उतरत्या फळ्यांची. त्यात अकरा थोराड माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसायची आणि पेन्सिल फळीवरून घरंगळली की अकराच्या अकरा जणं वाकायची. धड खुर्ची एकच. तपकिरी रेक्झिनची, दोन्ही बाजूंना हात असलेली, पाहुण्यांसाठी राखलेली. बाई स्वतः तिच्यावर कधी बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, बसून शिकवलं की वर्ग झोपतो.

“उभ्यानं शिकवलंत तरी झोपतोच म्हणे,” नणंद म्हणायची. बाई, बाईंचे अबोल यजमान आणि ही थोरली नणंद असं तिघांचं घर. यजमानांच्या वाटचं बोलणंही नणंदच उरकायची.

बाई मूळच्या इंग्रजीच्या नव्हेतच. एकोणिसाव्या वर्षी त्या बटणांच्या कारखान्यात होत्या. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात. कामावरून सुटल्यावर इंग्रजीच्या शिकवणीला जायच्या. वर्षभर त्यांना ते इंग्रजी काढ्यासारखं वाटायचं. नाक दाबून घ्यायचं आणि विसरून जायचं. मग एक दिवस ही गोष्ट आली. वाचता वाचता एका ओळीवर बाईंना असं काही हसू फुटलं की उचकी लागली. एक उचकी, एक हसू, पुन्हा उचकी. मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं. “मी बाहेर गेले,” बाई नेहमी सांगायच्या, “पण इंग्रजी आत आलं. माणूस ज्या दिवशी एखाद्या भाषेत हसतो ना, त्या दिवशी ती त्याची होते. बाकी सगळी नुसती घोकंपट्टी.”

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. एक लाजाळू कारकून आपल्या साहेबांच्या घरी मेजवानीला जातो आणि न बघता एका खुर्चीवर बसतो. त्या खुर्चीवर साहेबांच्या आत्याबाईंच्या वाढदिवसाचा केक असतो. आता उठावं तर अब्रू जाते, म्हणून तो ठरवतो, उठायचंच नाही. नाचायला बोलावतात, तो म्हणतो गुडघा दुखतो. जेवायला बोलावतात, तो म्हणतो भूक नाही. आत्याबाई आल्यावर सगळे उठून उभे राहतात, हा बसलेलाच. आत्याबाई खूश होऊन म्हणतात, “या घरात एक तरी ताठ कण्याचा माणूस आहे!” पाहुणे जातात, दिवे जातात, हा बसलेला. शेवटी चार गडी त्याला खुर्चीसकट उचलून त्याच्या घरी पोचवतात आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाई त्याला बढती द्यायला लावतात.

दर वर्षी बाई ती वाचायच्या. ‘हशा’पाशी आल्या की थांबायच्या, चष्म्यावरून बघायच्या. आणि दर वर्षी समोर अकरा चिंताग्रस्त चेहरे.

यंदा तर कहर झाला. पहिल्याच ‘हशा’ला बेकरीवाल्या काकांनी हात वर केला.

“बाई, केक कुठला होता?”

“म्हणजे?”

“क्रीमचा असेल तर ओल राहते. साधा असेल तर दोन तासांत सुकतो. मग हळूच उठायचं, झटकायचं. एवढा बाऊ कशाला?”

“काका, ती विनोदी गोष्ट आहे.”

“असेल. पण एवढा वाढदिवसाचा केक खुर्चीवर ठेवतंच कोण? आमच्या दुकानात असं केलं तर मी हाकलून देईन.” काका भिंतीसारखे गंभीर होते. पहाटे चारला उठून पाव भाजणारा माणूस. केकवर कुणी बसतं याचं त्यांना खरंच दुःख झालं होतं.

“चॉकलेटचा डाग असेल तर गार पाणी,” मागच्या बाकावरून लॉन्ड्रीवाल्या मावशी म्हणाल्या. “गरम पाणी लावलं की गेली पॅन्ट कामातून. लिहून घ्या सगळ्यांनी.”

आणि सगळ्यांनी लिहून घेतलं.

“मी काय म्हणतो,” टॅक्सीवाला म्हणाला. हा वयानं सगळ्यांत लहान, तीस-बत्तिशीचा, आणि आयुष्यातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे एकच उपाय. “रिव्हर्स. पाठ भिंतीला लावायची आणि भिंत धरून मागं मागं दारापर्यंत. कुणाला काय दिसतंय? मी असतो तर पाच मिनिटांत बाहेर.”

“अरे, पण मग गोष्टच होणार नाही!” बाई कळवळून म्हणाल्या.

“बरंच की,” मावशी म्हणाल्या. “गरीब बिचारा. घरी बायको वाट बघत असेल.”

पालथ्या घड्यावर पाणी. सात ठिकाणी ‘हशा’, सात ठिकाणी उपाय.

त्यातच वरच्या कार्यालयातून नवे पर्यवेक्षक आले. चोख इस्त्रीची, दुधावरच्या सायीच्या रंगाची पॅन्ट, हातात फाईल, फाईलमध्ये चौकटींचा तक्ता. वर्ग सुटल्यावर जिन्यातच त्यांनी बाईंना गाठलं.

“पाठ क्रमांक नऊ. विनोदी कथा. उद्दिष्ट, विद्यार्थी हसतील. बाई, सव्वीस वर्षांत किती हसले?”

“एक,” बाई म्हणाल्या.

“कोण?”

“मी.”

साहेबांनी चौकटीत काहीतरी लिहिलं. “मग काढून टाकू. त्या जागी ‘अर्ज कसा भरावा’ घालू.”

“साहेब, तुम्ही वाचलीय का ती गोष्ट?”

“वाचायची काय गरज? आकडे बोलतात.”

“अर्ज भरायला ते कुठंही शिकतील हो. हसायला कुठं शिकतील?”

साहेब माणूस वाईट नव्हता. नवा होता, एवढंच. जरा विचार करून म्हणाला, “तीन आठवड्यांनी गुरुवारी येतो. माझ्यासमोर वाचा. एक जण जरी मनापासून हसला, तर राहू दे. नाहीतर त्याच दिवशी काट मारतो.”

तीन आठवडे बाईंनी काय काय केलं! आवाज बदलून वाचलं. कारकुनाचा आवाज बारीक, आत्याबाईंचा जाड. नक्कल करून दाखवली, अगदी दोनदा बाकावर बदकन बसून. मावशी म्हणाल्या, “बाई, जपून. या वयात माकडहाड दुखावलं की कायमचं.”

आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर मावशी मागं रेंगाळल्या.

“बाई, काळजी नको. उद्या आम्ही हसणार आहोत.”

“म्हणजे काय?”

“ठरलंय. टॅक्सीवाल्यानं कान खाजवला की सगळ्यांनी हसायचं. काल टॅक्सी स्टँडवर तालीम पण झाली. काकांना जमत नाही, ते खोकल्यासारखं हसतात, पण चालून जाईल.”

बाई एकदम ताठ झाल्या. “ठरवून हसाल तर एकेकाला उभं करून सबंध गोष्ट पाठ म्हणायला लावीन! आणि एक लक्षात ठेवा. उद्या वर्गात मराठीचा एक शब्द ऐकू येता कामा नये. शिंक आली तरी इंग्रजीत.”

घरी नणंदेनं सगळं ऐकून घेतलं. “घ्या की वहिनी. हसू ते हसू. त्यावर काय शिक्का असतो?”

“असतो, वन्सं.”

“बरं बाई. पण माझं ऐका, गोष्ट गेली तर गेली. तुमचे हे तर लग्नाआधी तुमच्या तोंडून ती ऐकताना झोपले, ते अजून उठायचेत.”

कोपऱ्यात यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांच्याकडून तेवढंच यायचं.

गुरुवारी साहेबांची वेळ सव्वादोनची. बाईंनी टेबल लखलखीत पुसून रिकामं केलं होतं आणि सगळ्यांना बजावलं होतं, साहेबांचे कागद मावायला हवेत, टेबलावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मग बाई खडू आणायला खाली गेल्या. तेवढ्यात बेकरीवाले काका धापा टाकत वर आले. साहेबांच्या स्वागताला त्यांनी स्वतः केक केला होता. गडद चॉकलेटचा, ताटाएवढा, वरून आरशासारखा गुळगुळीत. टेबलावर ठेवायची बंदी. बाकांच्या फळ्या उतरत्या. केक घसरून थेट मावशींच्या मांडीवर गेला असता. खाली ठेवावा तर खालून मुंग्या. सपाट जागा खोलीत एकच उरली.

“दोन मिनिटं फक्त,” काका म्हणाले आणि केक त्यांनी खुर्चीवर ठेवला. पडदे ओढलेले, खुर्ची तपकिरी, केक तपकिरी.

आणि साहेब दहा मिनिटं आधी आले.

जिन्यात त्यांना बाई भेटल्या, दोघं बरोबरच दारात आले. अकरा माणसं गुडघे सोडवून धडपडत उभी राहिली. साहेब फाईलीत डोकं घालून सरळ खुर्चीकडे निघाले. काकांनी तोंड उघडलं. पण मराठीचा एक शब्द नको! काका आतल्या आत इंग्रजी धुंडाळू लागले. “सर...” इथपर्यंत आलं. “प्लीज...” हेही आलं. साहेब वळले. “डू नॉट...” काका म्हणाले, आणि पुढचं क्रियापद जिभेच्या टोकाशी पोचेपर्यंत साहेब बसले.

आवाज फारसा झाला नाही. ओल्या चिखलातून पाय निघावा तसा, पण उलटा.

बाईंनी काकांचा चेहरा पाहिला, मग साहेबांचा, मग खुर्चीच्या कडेनं डोकावणारी चॉकलेटची झालर. आणि त्यांना सगळं कळलं. नेमक्या त्याच क्षणी घामानं टॅक्सीवाल्याच्या कानाला खाज सुटली आणि त्यानं तो खाजवला.

“हा हा हा हा,” मावशी म्हणाल्या. मोजून चार.

“व्हाय आर यू लाफिंग?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर होता.

“गुड आफ्टरनून, सर,” मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी आश्चर्य. मग शंका. मग एक हात हळूच खाली गेला, परत आला, आणि त्यांनी बोटं फाईलीच्या आत पुसली. मग त्यांनी छाती पुढे काढली, मान ताठ केली आणि ठरवलं. अकराच्या अकरा जणांना कळलं काय ठरवलं ते. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. या खोलीत ती न वाचलेला माणूस एकच होता.

“प्रोसीड,” साहेब म्हणाले. “रीड द स्टोरी.”

बाईंना ब्रह्मांड आठवलं. ही गोष्ट? आत्ता? यांच्यासमोर? पण न वाचावी तर काट. वाचावी आणि कुणी हसलं, तर साहेबांना वाटणार आपल्यालाच हसले, मग तर काटच. सव्वीस वर्षं ज्या हसण्यासाठी जीव टाकला, ते आज आलं तर सत्यानाश होणार होता! बाईंनी वर्गाकडे अशा नजरेनं पाहिलं की टॅक्सीवाल्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. शक्य तितक्या सपाट आवाजात, वेळापत्रक वाचावं तसं. एक लाजाळू गृहस्थ. एक मेजवानी. एक खुर्ची.

‘आणि त्या खुर्चीवर केक होता.’

पहिला हशा. काकांनी रुमाल तोंडात कोंबला.

साहेबांची मान सावकाश वर आली.

‘गृहस्थानं ठरवलं, आता उठायचं नाही.’

दुसरा. साहेबांचे कान लाल झाले. मावशींनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे गदागदा हलू लागले. शेजारच्या दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं.

“सर,” टॅक्सीवाला कळवळून इंग्रजीत म्हणाला, “खाली चहा आहे. याल?”

“नो, थँक यू,” साहेब घाईनं म्हणाले. “गुडघा जरा दुखतोय.”

वर्गातून उकळत्या किटलीचं झाकण थडथडावं तसा आवाज आला. हे वाक्य गोष्टीत तिसऱ्या ‘हशा’शी होतं. अगदी शब्दन् शब्द. आणि साहेबांनी ते न वाचता म्हटलं होतं.

चौथा, पाचवा, सहावा. पोरं परीक्षेत घाम पुसतात तसा अख्खा वर्ग घाम पुसत होता. एक जण बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधायला गेला तो वर आलाच नाही. बाईंचा स्वतःचा आवाज कापू लागला. ‘या घरात एक तरी ताठ कण्याचा माणूस आहे’ इथं आल्यावर त्यांना साहेबांकडे बघावंच लागलं. साहेब इतके ताठ बसले होते की खुर्चीला लाज वाटावी. बाईंनी पान उलटण्याच्या निमित्तानं पुस्तक तोंडापुढं धरलं आणि आत गालाचा चावा घेतला.

सातवा. चार गडी. खुर्चीसकट घरी. बढती. संपली.

कुणीही हसलं नव्हतं. वर्गानं मिठाची गुळणी धरली होती आणि ती आता कानांतून यायची बाकी होती.

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग दारापलीकडच्या सोळा पायऱ्यांकडे, आणि मग वर्गातल्या चार धडधाकट माणसांकडे, जणू वजनाचा अंदाज घेत.

“बाई,” ते म्हणाले. एकदम मराठीत, एकदम बारीक आवाजात. “त्याला उठायचा दुसरा काही मार्ग नव्हता का हो?”

बाईंनी ओठ गच्च मिटले होते. त्यांना तोंड उघडायची सोयच नव्हती.

“आणि,” साहेब आणखी बारीक झाले, “मी नक्की कशावर बसलोय?”

बेकरीवाले काका उभे राहिले. तीन महिने या माणसाच्या तोंडून सलग चार शब्द इंग्रजी निघाले नव्हते. आता त्यांनी सदरा खाली ओढला, छातीवर हात ठेवला आणि न अडखळता, स्पष्ट, सुंदर इंग्रजीत म्हणाले,

“इट इज अ चॉकलेट केक, सर. इट इज व्हेरी फ्रेश. आय मेड इट फॉर यू.”

आणि बाईंना उचकी लागली.

एक उचकी. मग एक हसू. मग पुन्हा उचकी. बाईंनी टेबल धरलं, टेबल हललं, खडू पडला, आणि बाई पोट धरून खाली वाकल्या. तेवढं पुरलं. मावशी फुटल्या. टॅक्सीवाल्यानं हात मांडीखालून सोडवले आणि बाकावर बडवायला सुरुवात केली. बाकाखालचा माणूस बाकाखालीच हसत होता. काका आधी बुचकळ्यात पडले, आपण तर खरं तेच सांगितलं. मग त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच विचारलेला प्रश्न त्यांना आठवला, की केक खुर्चीवर ठेवतंच कोण. आणि ते हसले. खोकल्यासारखंच, पण खरं. खालच्या दुकानातली यंत्रं थांबली. दुरुस्तीवाला काय झालं बघायला जिन्यात आला.

साहेब काही क्षण ताठ होते. मग ओठ थरथरला. “गुडघा,” ते म्हणाले, “मी म्हटलं गुडघा दुखतोय...” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

पाच मिनिटं अशी गेली. मग कामाची माणसं कामाला लागली. मावशींनी हुकूम सोडला, “गार पाणी! कुणी गरम आणलंत तर बघा.” पिशवीतून त्यांनी इस्त्रीची एक चादर काढली आणि साहेबांच्या कमरेला गुंडाळली. टॅक्सीवाला दाराशी उभा राहून हात हलवू लागला. “या साहेब, रिव्हर्स या. भिंत धरा. येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडं. बास! आता पायरी.”

तीन आठवडे बाईंनी ज्या उपायांना नाकं मुरडली होती, ते सगळे आज एकापाठोपाठ एक चालले होते. साहेब उलट्या पावलांनी सोळा पायऱ्या उतरत होते, वर्गाकडे तोंड करून, राजासमोरून निघावं तसे. सातव्या पायरीवर ते थांबले आणि फाईल उघडली.

“बाई, पाठ क्रमांक नऊ. राहू द्या. विद्यार्थी हसले.” जरा थांबले. “पर्यवेक्षकही. त्याला चौकट नाहीय, मी समासात लिहितो.”

“साहेब, पण जिथं हसायला हवं होतं तिथं कुणीच...” बाई उचकीतून म्हणाल्या.

“ते पुस्तकातलं खोडून टाका की. कुठं हसायचं ते त्यांचं ते बघतील.”

बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. सात लाल शब्द. नाही खोडले. सव्वीस वर्षांचे होते, राहू देत म्हणाल्या. घरी गेल्यावर नणंदेला काय सांगायचं याची जुळवाजुळव मात्र मनात सुरू झाली. आज यजमानांना वर्तमानपत्र खाली ठेवावंच लागणार होतं.

खोलीत बेकरीवाले काका एकटेच खुर्चीपाशी उभे होते. केकमध्ये एक खोल, नीटस, सरकारी ठसा उमटला होता.

“सगळं झालं,” काका दुखावलेल्या आवाजात म्हणाले, आता मराठीत. “हसून झालं, पाणी लावून झालं, राहू द्या म्हणून झालं. पण केक कसा झाला होता, ते एकानं विचारलं नाही.”

जिन्याच्या तळातून, टॅक्सीवाल्याच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’मधून, साहेबांचा आवाज आला.

“मऊ होता!”